जुना दांडीचा पावडर-काटा: शून्य लागते, पण वजन पटत नाही

तुळाधार

नमस्कार. काडतुसे पुन्हा भरताना पावडर तोलण्यासाठी वापरतात तसा एक जुना दांडीचा काटा माझ्याकडे आला आहे. त्याची नावाची पट्टी निघून गेली आहे, परंतु बाकीचे सर्व भाग जागेवर दिसतात. दांडीवर तीन सरकती वजने आहेत. त्यांतील मोठे वजन दहा-दहा ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) खाचांवर बसते, मधले एकेका ग्रेनच्या आणि लहान ०.१ ग्रेनच्या खाचांवर. टेकूपाशी दोन्ही बाजूंना अकीक या कठीण दगडाचे खोलगट तुकडे आहेत, त्यांवर दांडीची पोलादी सुरीधार, म्हणजे सुरीसारखी तीक्ष्ण कड, टेकते, आणि दांडीच्या टोकाची तांब्याची पट्टी दोन चुंबकांच्या मधल्या फटीत फिरते.

काटा बरीच वर्षे उघड्यावर पडून होता. मी वरवरची धूळ ब्रशने झाडली, समतल जागी ठेवून पायाच्या स्क्रूने शून्य लावले, आणि २० ग्रॅमचे तपासणी-वजन पारड्यात ठेवले. २० ग्रॅम म्हणजे ३०८.६ ग्रेन व्हायला हवेत. पाच वेळा दांडी उचलून पुन्हा ठेवली, तर ३०७.६ पासून ३०८.१ पर्यंत वेगवेगळी उत्तरे आली. २ ग्रॅमचे वजन, म्हणजे ३०.९ ग्रेन, कधी ३०.६ तर कधी ३१.० दाखवते. पारडे रिकामे असतानाही दांडी उचलून ठेवली की दांडीचा दर्शक-काटा शून्याच्या वर किंवा खाली एक रेघभर थांबतो.

माझे प्रश्न तीन आहेत. दुरुस्तीला सुरुवात कुठून करावी? सुरीधारेला पुन्हा धार लावावी का? आणि हे सगळे केल्यावर हा काटा पावडर तोलण्याच्या लायकीचा झाला आहे, हे कशावरून ठरवावे?

संथपाणी

तेल कुठेही घालू नका. बाकीचे जाणकार सांगतीलच, पण ही चूक पहिल्याच दिवशी होते म्हणून घाईने लिहीत आहे. तेलात धूळ बसते, तिचा चिकट लेप होतो, आणि तोच पुढे सुरीधार आणि अकीक यांच्या मध्ये येतो.

यंत्रसेवक

तुळाधार, तुमच्या आकड्यांत दोन वेगळे आजार मिसळलेले आहेत आणि त्यांना आधी वेगळे केले पाहिजे. एक आजार असा, की काटा दर वेळी वेगळे उत्तर देतो. दुसरा असा, की त्या उत्तरांची सरासरी काढली तरी ती खऱ्या वजनापेक्षा कमी येते. पहिला बरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका, कारण जो काटा स्वतःशीच सहमत नाही त्याचे अंशमापन करण्याला, म्हणजे ज्ञात वजनांशी त्याचे आकडे जुळवण्याला, अर्थ नसतो.

उत्तर दर वेळी बदलते तेव्हा कारण बहुतेक वेळा टेकूपाशीच सापडते. सुरीधार अकीकाच्या तळाशी मोकळेपणाने टेकली पाहिजे. तिथे घाण असेल, धार कुठे तुटली असेल, अकीकाला तडा असेल किंवा धारेचे टोक बाजूच्या पत्र्याला घासत असेल, तर घर्षण निर्माण होते आणि काटा खऱ्या समतोलाच्या अलीकडेच थांबतो. त्याची परीक्षा सोपी आहे. बोटाच्या हलक्या स्पर्शाने दांडी एकदा वरून खाली येऊ द्या आणि एकदा खालून वर जाऊ द्या. दोन्ही वेळा काटा एकाच जागी थांबला तर घर्षण नगण्य समजावे. वरून येताना वर आणि खालून येताना खाली थांबत असेल, तर त्या दोन जागांमधले अंतर हीच तुमच्या काट्याची मृत पट्टी.

स्वच्छतेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी दातकोरणे पुरेसे आहे. अकीकाची घळ दातकोरण्याच्या ओल्या टोकाने पुसा आणि सुरीधार कापडाने धारेच्या दिशेनेच पुसा. धारेवर आडवे कापड ओढले की त्याचे धागे तिथेच अडकून राहतात.

रानवाट

इतका खटाटोप करण्यापेक्षा सरळ इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा असे माझे मत आहे. पारड्यात टाकले की आकडा दिसतो, डोळे बारीक करून रेघा पाहाव्या लागत नाहीत.

भौतिक

रानवाट, सोय आहे हे मान्य, पण तुलना पूर्ण करायला हवी. अनेक इलेक्ट्रॉनिक काट्यांमध्ये शून्याजवळचे बारीक बदल आपोआप गिळून टाकण्याची योजना असते. वाऱ्याने किंवा तापमानाने आकडा सरकू नये म्हणून ती घातलेली असते. परंतु आपण पावडरचा एकेक कण टाकत जातो तेव्हा काही काटे ती संथ वाढसुद्धा सरकणे समजून झाकून टाकतात. शिवाय अशा काट्यातला भारसंवेदक (भार विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बल मोजतो, त्यामुळे गुरुत्वाकर्षण थोडे वेगळे असलेल्या ठिकाणी नेल्यावर त्याचे अंशमापन पुन्हा करावे लागते. दांडीचा काटा वस्तुमानाची तुलना वस्तुमानाशी करतो. गुरुत्वाकर्षण दोन्ही बाजूंना सारखेच लागू होत असल्याने ते हिशेबातून निघून जाते.

मूळ विषयाबाबत एक गोष्ट सांगतो. चुंबकीय अवमंदनामुळे, म्हणजे चुंबकांनी दांडीचे डोलणे शमवल्यामुळे, वजन चुकते असा गैरसमज बऱ्याच वेळा ऐकू येतो. तांब्याची पट्टी चुंबकांच्या फटीतून हलते तेव्हा तिच्यात भोवरा-प्रवाह (गोल फिरणारे विद्युतप्रवाह) निर्माण होतात आणि ते गतीला विरोध करतात. हा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो, म्हणजे पट्टी थांबली की विरोधही शून्य होतो. त्यामुळे अवमंदन काट्याला लवकर थांबवते, पण कुठे थांबायचे हे ठरवत नाही. मात्र त्या फटीत लोखंडाचा एखादा कण चिकटला आणि पट्टी त्याला घासू लागली, तर हा सगळा सिद्धांत कोलमडतो. चिकटपट्टीची घडी करून फटीतून दोन-तीन वेळा ओढून पाहा.

सूक्ष्मदर्शी

भौतिक यांच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडते. माझ्या काट्याच्या चुंबकांवर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, पण चिकटपट्टीवर करड्या रंगाची बारीक भुकटी आली. त्याच टेबलावर पूर्वी कानशीने काम केलेले होते, आणि चुंबक असा कीस दुरूनही गोळा करतो. तेव्हापासून मी काट्यावर झाकण ठेवते आणि वापरात नसताना दांडी अकीकावरून उचलून वेगळी ठेवते.

तुळाधार, अकीकाचे तुकडे आपल्या घरात किंचित हलतात का, हेही पाहा. अशा अनेक काट्यांत ते मुद्दाम सैल बसवलेले असतात, म्हणजे सुरीधार टेकताना ते स्वतःच तिच्या रेषेत येतात. ते सैल आहेत हा दोष समजून कोणी तरी ते चिकटवून टाकले असण्याची शक्यता असते.

कानस_नको

सुरीधारेबद्दल कोणीच स्पष्ट लिहिलेले नाही, म्हणून विचारतो. मी माझ्या काट्याची मधली धार बारीक दगडावर चार-पाच वेळा फिरवली होती. त्यानंतर काटा पूर्वीपेक्षा सुस्त झाला. धार तीक्ष्ण झाल्यावर संवेदनशीलता वाढायला हवी होती ना? हे मला आजवर उलगडलेले नाही.

यंत्रसेवक

कानस_नको, उत्तर भूमितीत आहे. दांडीचे गुरुत्वमध्य टेकूच्या रेषेच्या किंचित खाली असते, म्हणूनच दांडी डोलून परत जागेवर येते. ते अंतर जितके कमी, तितकी दांडी त्याच जादा वजनाला जास्त झुकते, म्हणजे काटा अधिक संवेदनशील. गुरुत्वमध्य टेकूच्या वर गेले तर दांडी एका बाजूला कोसळते आणि समतोल साधतच नाही. आता पाहा, मधली सुरीधार खाली तोंड करून असते. तुम्ही तिचे टोक घासले, म्हणजे टेकण्याची रेषा दांडीच्या अंगाकडे वर सरकली. दांडीचे वस्तुमान होते तिथेच राहिले, त्यामुळे गुरुत्वमध्य टेकूपासून पूर्वीपेक्षा अधिक खाली गेले. तुम्ही धार तीक्ष्ण केली, पण त्याच वेळी दांडी जास्त स्थिर आणि म्हणून अधिक सुस्त केली.

पारडे जिथे लटकते तिथली धार वर तोंड करून असते. ती घासली तर भार लागण्याची जागा मधल्या टेकूच्या तुलनेत खाली जाते, आणि मग वजन जितके जास्त तितकी संवेदनशीलता कमी असा नवा दोष येतो. त्यातच धार घासताना ती किंचित पुढे-मागे सरकली तर भुजेची लांबी, म्हणजे टेकूपासून पारड्याच्या धारेपर्यंतचे अंतर, बदलते आणि प्रत्येक वजन त्याच प्रमाणात चुकू लागते.

तुळाधार यांच्या दुसऱ्या प्रश्नाला म्हणून माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. भिंगातून पाहिल्यावर धारेत खरोखरची खाच दिसली तरच विचार करावा, आणि तेव्हाही दांडी बदलता आली तर ती बदलावी.

घडीव

यंत्रसेवक यांच्या भूमितीशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी पूर्ण सहमत नाही. गंजाचा उंचवटा धारेवर असेल तर तो कापडाने जात नाही. अशा वेळी अतिशय बारीक दाण्याच्या सपाट दगडावर धारेचा उतार टेकवून, टोकाला स्पर्श न करता, फक्त गंज उतरवणे मला योग्य वाटते. मी दोन काट्यांवर ते केले आहे, आणि आधी व नंतर घेतलेल्या नोंदींत संवेदनशीलतेत फरक आढळला नाही. मात्र आधीच्या नोंदी नसतील तर हे काम करू नये, हे मीही मान्य करतो.

यंत्रसेवक

उताराला स्पर्श आणि टोकाला नाही, एवढी शिस्त पाळता येत असेल तर माझा विरोध नाही. माझा विरोध पहिल्याच दिवशी दगड हातात घेण्याला आहे.

मापनशाळा

तपासणी-वजनांबद्दल लिहितो, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. आंतरराष्ट्रीय कायदेशीर मापन संघटनेच्या आर १११ या शिफारशीत वजनांचे वर्ग ठरवून दिलेले आहेत. एम१ वर्गाच्या २० ग्रॅम वजनाला २.५ मिलिग्रॅमपर्यंत चूक चालते आणि २ ग्रॅम वजनाला १.२ मिलिग्रॅम. एक ग्रेन म्हणजे नेमके ६४.७९८९१ मिलिग्रॅम, म्हणून ०.१ ग्रेन म्हणजे सुमारे ६.५ मिलिग्रॅम. याचा अर्थ, ०.१ ग्रेन वाचणाऱ्या काट्यासाठी एम१ वर्ग पुरेसा आहे. एफ२ वर्गाच्या २० ग्रॅमला ०.८ मिलिग्रॅमचीच सूट असते, पण तेवढी बारकाई दाखवण्याची या काट्याची क्षमताच नाही.

वजने बोटांनी उचलू नका, चिमट्याने उचला. घामाचा ठसा आज फारसा जाणवणार नाही, पण पितळेवर तो हळूहळू डाग पाडतो.

बंदुकीच्या गोळ्यांच्या पेटीवर छापलेले वजन तपासणीसाठी वापरू नये, असेही सुचवतो. एकाच पेटीतल्या गोळ्यांमध्ये काही दशांश ग्रेनचा फरक सहज असतो.

सूक्ष्मदर्शी

संवेदनशीलता तपासण्यासाठी मी कागद वापरते. ८० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या साध्या कागदाचा ९ मिलिमीटर बाजूचा चौकोन कापला, तर त्याचे वजन ६.४८ मिलिग्रॅम भरते, म्हणजे बरोबर ०.१ ग्रेन. शून्यावर स्थिर झालेल्या काट्याच्या पारड्यात तो चौकोन ठेवावा. काटा स्पष्टपणे हलला पाहिजे, आणि चौकोन काढल्यावर होता तिथेच परत आला पाहिजे.

मापनशाळा

कल्पना उत्तम आहे, फक्त एक सावधगिरी सुचवतो. कागदाच्या छापील वजनात काही टक्के इकडेतिकडे असते आणि दमट हवेत कागद पाणी शोषतो. त्यामुळे चौकोन हा हालचाल दाखवणारा समजावा, प्रमाण वजन समजू नये. ए४ आकाराचा अख्खा कागद ४.९९ ग्रॅमचा, म्हणजे ७७ ग्रेनचा भरतो. तपासलेल्या काट्यावर आधी अख्खा कागद तोलून मग त्यातून चौकोन कापला तर अंदाज बराच सुधारतो.

तुळाधार

सर्वांचे मनापासून आभार. गेले दोन दिवस तुमच्या सूचनांप्रमाणे काम केले, त्याचा वृत्तांत देतो.

चिकटपट्टी फटीतून ओढली, तिच्यावर दोन बारीक चमकदार कण आले. त्याने थोडा फरक पडला, पण मृत पट्टी गेली नाही. मग भिंग घेऊन अकीक पाहिले. सूक्ष्मदर्शी यांचा संशय खरा ठरला. उजवीकडचा तुकडा आपल्या घरात किंचित डोलतो, डावीकडचा मात्र जागचा हलत नाही आणि त्याच्या कडेला वाळलेल्या गोंदाचा पिवळसर थेंब आहे. आधीच्या कोणी तरी तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पक्का केलेला दिसतो. त्यामुळे सुरीधार एका बाजूला रेषेत आणि दुसऱ्या बाजूला तिरकी टेकत होती.

हा तुकडा काढायला अॅसिटोन वापरावे का?

घडीव

अॅसिटोनने तो गोंद मऊ होतो, पण तेच द्रव पायाचा रंग आणि प्लास्टिकचे भाग खराब करते. अकीक ज्या धातूच्या घरात बसते ते घर स्क्रू काढून पायापासून वेगळे करता येत असेल, तर फक्त तेवढाच भाग काचेच्या वाटीत बुडवा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत किंवा पावडरचा डबा असू देऊ नका. तुकडा सुटल्यावर त्याला लोखंडी टोकाने खरवडू नका. अकीक कठीण असते, पण त्याची कड ठिसूळ असते.

रानवाट

भौतिक यांचे स्पष्टीकरण वाचून माझे मत थोडे बदलले आहे. माझ्याकडे एक जुना काटा आहे, त्याच्यात चुंबक नसून तेलाची लहान कुंडी आहे आणि दांडीचे पाते तिच्यात बुडते. त्यालाही हेच नियम लागू होतात का?

भौतिक

बहुतांशी होतात, एक फरक सोडून. द्रवाचा विरोधही गती थांबली की संपतो, परंतु पात्याची दांडी तेलाचा पृष्ठभाग जिथे भेदते तिथे पृष्ठताण काम करतो, आणि तो स्थिर अवस्थेतही थोडा खेचतो. म्हणून तेलाची पातळी कायम ठेवावी, तेल स्वच्छ ठेवावे आणि पाते पूर्ण बुडालेले असावे. पाते अर्धे बाहेर असेल तर उत्तर दर वेळी बदलेल. पातळी बदलली की शून्य पुन्हा तपासावे, कारण बुडालेल्या भागाला मिळणारी उद्धरणशक्ती, म्हणजे द्रवाने वर ढकलणारे बल, बदललेली असते.

नेमबाज_वही

मी तांत्रिक माणूस नाही, पण काडतुसे बरीच वर्षे भरत आलो आहे, म्हणून वापराच्या बाजूने एक गोष्ट आग्रहाने मांडतो. पन्नास ग्रेन पावडर लागणाऱ्या रायफलच्या काडतुसात ०.१ ग्रेनची चूक म्हणजे ०.२ टक्के. चार ग्रेन लागणाऱ्या पिस्तुलाच्या काडतुसात तीच चूक २.५ टक्के होते, आणि तुळाधार यांच्या काट्यावर २ ग्रॅमच्या वजनाला दिसलेला ०.४ ग्रेनचा फरक तिथे दहा टक्के होईल. कमाल मर्यादेच्या जवळ दाब हा पावडरच्या वाढीपेक्षा जास्त वेगाने चढतो. त्यामुळे काटा पूर्ण तपासून होईपर्यंत त्यावर एकही काडतूस भरू नये.

आणि याहून मोठी चूक ०.१ ची नसतेच. मोठे सरकते वजन एका खाचेने चुकले की थेट दहा ग्रेनचा फरक पडतो. काटा त्या चुकीच्या आकड्यावरही अतिशय सुंदर समतोल दाखवतो, काहीही खटकत नाही. मी प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तिन्ही वजनांच्या खाचा मोठ्याने वाचतो, वहीत लिहितो, आणि भरायच्या वजनाच्या जवळचे तपासणी-वजन एकदा पारड्यात ठेवून मगच पावडरचा डबा उघडतो. टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या पावडरचा डबा असतो.

कानस_नको

नेमबाज_वही, शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. एक भर घालतो. सरकते वजन खाचेत पूर्ण बसले नाही, नुसते कडेवर टेकून राहिले, तरी चूक होते. वजन जागी ठेवल्यावर मी त्याला नखाने हलकेच दोन्ही बाजूंना ढकलून पाहतो.

तुळाधार

पुढचा वृत्तांत. अकीक सुटले. घर आणि तुकडा दोन्ही अल्कोहोलने स्वच्छ करून परत बसवले, आता दोन्ही तुकडे सारखेच डोलतात. दांडी दहा वेळा उचलून ठेवली, दहाही वेळा काटा शून्याच्या रेघेवरच आला. कागदाचा चौकोन ठेवला की काटा स्पष्ट हलतो आणि काढला की परत येतो. पहिला आजार गेला, असे मी समजतो.

आता दुसरा आजार लख्ख दिसू लागला आहे. प्रत्येक वजन तीन-तीन वेळा तोलले आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आले. २ ग्रॅम म्हणजे ३०.८६ ग्रेन, काटा ३०.८ दाखवतो. ५ ग्रॅम म्हणजे ७७.१६, काटा ७७.० दाखवतो. १० ग्रॅम म्हणजे १५४.३२, काटा १५३.९ दाखवतो. २० ग्रॅम म्हणजे ३०८.६५, काटा ३०७.८ दाखवतो. वजन वाढेल तशी चूक वाढत आहे. हे पायाच्या स्क्रूने बरोबर होईल का?

यंत्रसेवक

नाही, आणि तो स्क्रू या कामासाठी हातात घेऊच नका. पायाचा स्क्रू फक्त शून्य हलवतो, म्हणजे सगळ्या आकड्यांना सारखाच धक्का देतो. तुमची चूक वजनाच्या प्रमाणात आहे. १५० ग्रेनवर ०.४ आणि ३०० ग्रेनवर ०.८, म्हणजे शेकडा ०.२७. स्क्रूने ३०० वर आकडा जुळवलात तर शून्यावर आणि तीस ग्रेनवर तेवढीच चूक नव्याने निर्माण होईल.

प्रमाणात वाढणाऱ्या चुकीची दोनच मुख्य कारणे असतात. एक तर भुजांचे गुणोत्तर बदलले आहे, किंवा सरकत्या वजनाचे वस्तुमान बदलले आहे. यांतले कोणते, हे ओळखायला एक परीक्षा सुचते. भुजा बदलली असती तर मधल्या आणि लहान सरकत्या वजनांवरचे आकडेही त्याच प्रमाणात चुकले असते. म्हणून मोठे वजन शून्यावर ठेवून फक्त मधल्या आणि लहान वजनांवर अर्ध्या ग्रॅमचे, म्हणजे ७.७ ग्रेनचे तपासणी-वजन तोलून पाहा. मात्र शेकडा ०.२७ म्हणजे तिथे ०.०२ ग्रेन, जे दिसणार नाही. तेव्हा त्या परीक्षेवर अवलंबून राहण्याऐवजी मोठे वजन दांडीवरून काढा आणि त्याच्या आतल्या बाजूला नीट पाहा.

काटा कमी दाखवतो आहे, याचा अर्थ सरकते वजन मूळ वजनापेक्षा जड झालेले आहे. वजन जड झाले की भार तोलायला ते कमी खाचा सरकवावे लागते. दहा ग्रॅमच्या वजनावर सत्तावीस मिलिग्रॅम घाण बसली तरी नेमकी एवढी चूक येते.

नेमबाज_वही

म्हणजे काटा चाळीस ग्रेन म्हणतो तेव्हा पारड्यात चाळीसपेक्षा किंचित जास्त पावडर असते. तीस-चाळीस ग्रेनवर हा फरक ०.१ च्या आसपासच राहतो हे खरे, पण चुकीची दिशा धोक्याच्या बाजूची आहे, हे लक्षात घ्यावे.

भौतिक

यंत्रसेवक यांचे निदान मला पटते. भुजेचा प्रश्न असता तर धार घासल्याच्या खुणा दिसल्या असत्या, आणि तुळाधार यांनी भिंगातून पाहूनही तसे काही लिहिलेले नाही.

कोणी हवेच्या उद्धरणशक्तीचा मुद्दा काढण्याआधी तोही हिशेब मांडतो. पितळेची वजने पावडरपेक्षा बरीच घन असतात, त्यामुळे हवेत पावडर किंचित हलकी भरते. हा फरक पन्नास ग्रेनला सुमारे ०.०३ ग्रेन इतकाच असतो, आणि तो प्रत्येक वेळी सारखाच असतो. तुळाधार यांची चूक पितळी वजनांवर मोजलेली आहे, त्यामुळे इथे त्याचा संबंध नाही.

सूक्ष्मदर्शी

वजन काढताना ते कोणत्या बाजूने बसले होते याचे छायाचित्र आधी घेऊन ठेवावे. काही वजने उलटी बसवली की खाचेतली जीभ दुसऱ्या जागी टेकते आणि सगळे आकडे सरकतात. स्वच्छ करताना वजनाच्या तळाचे किंवा आतले भोक उकरू नका. कारखान्यात वस्तुमान जुळवण्यासाठी तिथे धातू भरलेला किंवा काढलेला असू शकतो.

तुळाधार

निदान अचूक निघाले. मोठ्या वजनाच्या आतल्या खोबणीत, दांडीला न लागणाऱ्या कोपऱ्यात, काळपट तपकिरी राळेसारखा थर होता. कोणी तरी वजन सहज सरकावे म्हणून तेल घातले असावे, आणि ते धूळ पिऊन घट्ट झाले. संथपाणी यांचा पहिलाच प्रतिसाद आठवला. अल्कोहोलमध्ये भिजवून, दातकोरण्याने आणि मऊ ब्रशने तो थर पूर्ण काढला. धातूला कुठेही खरवडले नाही.

वजन परत बसवल्यावर शून्य थोडे सरकले होते. पायाचा स्क्रू बराच फिरवावा लागला.

यंत्रसेवक

शून्य सरकणे अपेक्षितच होते, पण स्क्रू बराच फिरवावा लागला हे मला आवडले नाही. स्क्रू फार फिरवला की पाया तिरका होतो आणि दांडी आडवी नसतानाच शून्य दिसते. पारड्याच्या लटकणाऱ्या कडीखाली झाकण असलेली एक लहान पोकळी असेल, तर तिच्यात शिशाचे बारीक छर्रे असतात. ठोकळ शून्य त्या छऱ्यांनी लावायचे असते आणि स्क्रू शेवटच्या रेघेपुरता वापरायचा असतो. स्क्रू मधोमध आणा, पाण्याच्या पातळीयंत्राने पाया समतल करा, आणि मग छर्रे कमी-जास्त करा. छऱ्यांना हात लावल्यावर हात धुवा.

घडीव

काटा वाचताना डोळा काट्याच्या उंचीवरच हवा. वरून पाहिले की रेघ सरकलेली दिसते. मी फोनचा कॅमेरा त्या उंचीवर पक्का बसवतो आणि पडद्यावर वाचतो, त्यामुळे माझा श्वासही पारड्यावर जात नाही.

तुळाधार

पोकळी सापडली. आत छर्रे होते, एक बारीक छर्रा काढावा लागला. स्क्रू मधोमध ठेवून पाया समतल केला, आणि कॅमेऱ्यातून वाचून आज सकाळी सगळे आकडे नव्याने घेतले. २ ग्रॅम: ३०.९. ५ ग्रॅम: ७७.२. १० ग्रॅम: १५४.३. २० ग्रॅम: पाच वेळा ३०८.६ आणि पाच वेळा ३०८.६ व ३०८.७ यांच्या मध्ये. ५०० मिलिग्रॅमही तोलले, ७.७ आले. दांडी उचलून ठेवण्याची परीक्षा पुन्हा दहा वेळा केली आणि काटा अर्ध्या रेघेच्या आतच राहिला.

मापनशाळा

हे आकडे ०.१ ग्रेनच्या काट्यासाठी निर्दोष आहेत. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच मिळवले आहे. काटा पुनःपुन्हा तेच उत्तर देतो, ०.१ ग्रेनला प्रतिसाद देतो, आणि तळापासून वरपर्यंत ज्ञात वजनांशी जुळतो. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्याने तो पावडर तोलण्यास योग्य आहे असे मी म्हणेन. आजचे आकडे तारखेसह काट्याच्या खोक्यात ठेवा. पुढे शंका आली तर तुलना करायला तेच उपयोगी पडतील.

नेमबाज_वही

काटा टेबलावरून हलवला, खाली ठेवला किंवा त्याला धक्का लागला, तर शून्य आणि एक तपासणी-वजन पुन्हा पाहावे. तुम्ही पहिली काडतुसे कोणत्या वजनाची भरणार आहात?

तुळाधार

काडतुसे भरण्याच्या पुस्तिकेत दिलेल्या सुरुवातीच्या वजनापासून, म्हणजे कमाल मर्यादेच्या बऱ्याच खालून. त्या वजनाजवळचे २ ग्रॅमचे तपासणी-वजन आणि वही दोन्ही टेबलावर काढून ठेवली आहेत.